डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट, लॉक झालेले फोल्डर आणि शेवटची लोकल

घाटकोपर_स्लो | मंगळवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी,
गोरेगावातल्या एका शेअर ब्रोकरचं बॅक ऑफिसचं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते. बाजार साडेतीनला बंद होतो. मग बिलं, कॉन्ट्रॅक्ट नोट (ग्राहकाला जाणारी सौद्यांची पावती), एक्स्चेंजच्या फाइल्स वगैरे रामरगाडा चालतो आणि तो आटोपला की रात्री साडेदहा-अकरानंतर सर्व्हर आमच्या ताब्यात येतो. जेनकिन्स (ठरलेली कामं आपोआप चालवणारं टूल) एक पॉवरशेल स्क्रिप्ट चालवतो: ॲप पूल (आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये ॲप ज्यात चालतं तो कप्पा) थांबव, डी ड्राइव्हवरचा ॲपचा फोल्डर उडव, नवा बिल्ड (ॲपची तयार नवी प्रत) कॉपी कर, पूल चालू कर.

कधी सगळं सुरळीत होतं. कधी मध्येच "दुसरी प्रोसेस ही फाइल वापरत आहे" म्हणून स्क्रिप्ट आडवी पडते. तोवर अर्धा फोल्डर उडालेला असतो, म्हणजे जुनंही चालत नाही आणि नवंही नाही. मग कोणीतरी रिमोट डेस्कटॉपने शिरून हाताने डिलीट मारतो, नाहीतर सर्व्हर रिस्टार्ट. एवढ्यात शेवटची कसारा निघून गेलेली असते.

जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर (मायक्रोसॉफ्टचं, ज्यावर आमचं ॲप चालतं ते) ही कटकट नव्हती, डॉटनेट ८ वर आल्यापासून सुरू झाली. स्क्रिप्ट तीच, सर्व्हर तोच. त्याच फोल्डरमधून एक विंडोज सर्व्हिसही चालते (कॉन्ट्रॅक्ट नोटच्या पीडीएफ बनवते) आणि त्यातला रिपोर्ट्सचा सबफोल्डर ऑपरेशन्सच्या लोकांना नेटवर्कवर शेअर केलेला आहे.

रिमूव्ह-आयटमला (पॉवरशेलची डिलीटची कमांड) -रिकर्स आणि -फोर्स दोन्ही लावलेलं आहे. लॉक तोडून डिलीट करायचा खात्रीचा मार्ग सांगा.

पार्ल्याचा_प्रॉम्प्ट | मंगळवार, रात्री ११:५०

सर्व्हर रिस्टार्ट करून स्क्रिप्ट चालवा. धागा बंद. 😀

घाटकोपर_स्लो | मंगळवार, रात्री ११:५३

त्या सर्व्हरवर आणखी तीन ॲप आहेत हो. त्यातल्या एकाची मालकीण इतकी कडक आहे की तिच्या परवानगीशिवाय आम्ही लॉगिनसुद्धा करत नाही.

सर्व्हरबाई | बुधवार, सकाळी ९:०५

"फ्रेमवर्कवर होत नव्हतं, ८ वर होतंय" हे लिहिलंत ते बरं केलंत, अर्धं उत्तर तिथेच आहे.

जुनं एएसपी.नेट (डॉटनेटचा वेबचा भाग) तुमच्या बिन फोल्डरमधले डीएलएल (ॲपच्या कोडच्या फाइल) तिथूनच चालवत नसे. ते "टेम्पररी एएसपी.नेट फाइल्स" या फोल्डरात त्यांची प्रत काढायचं आणि त्या प्रतीवरून चालायचं. याला शॅडो कॉपी म्हणतात. त्यामुळे मूळ डीएलएल मोकळे राहायचे आणि तुमची स्क्रिप्ट पूल नीट थांबला आहे की नाही हे न बघताही पास व्हायची. डॉटनेट ८ मधलं एएसपी.नेट कोअर मात्र जिथे फाइल असते तिथूनच ती चालवतं. प्रोसेस जिवंत आहे तोवर डीएलएल हलणार नाही. स्क्रिप्टमधली खोट आधीपासून होती, फक्त झाकली जात होती.

ती खोट अशी. स्टॉप-वेबॲपपूल ही कमांड पूल थांबण्याची वाट बघत नाही. "थांब" असा निरोप देऊन मोकळी होते. पूलच्या सेटिंगमध्ये शटडाउन टाइम लिमिट असतं, ते मुळात ९० सेकंद. म्हणजे एखादी लांबलेली रिक्वेस्ट असली तर डब्ल्यू३डब्ल्यूपी (पूलची प्रोसेस) दीड मिनिटापर्यंत आत बसून राहू शकतो आणि तुमची डिलीटची ओळ मात्र पुढच्या क्षणी धावते. रात्री कोणी मोठा रिपोर्ट काढत असेल तर मेलात, नसेल तर वाचलात. "कधी होतं, कधी नाही" याचं मोठं कारण हेच असणार.

तेव्हा स्टॉप दिल्यावर पूलची स्थिती "स्टॉप्ड" येईपर्यंत लूपमध्ये विचारत राहा. १२० सेकंदांत नाही आली तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा, एकही फाइल डिलीट करायच्या आधी. विंडोज सर्व्हिसचंही तेच: एससी स्टॉप दिल्यावर ती "स्टॉप पेंडिंग"मध्ये कितीही वेळ बसू शकते. सर्व्हिस थांबली असं दिसलं तरी तिची प्रोसेस खरंच गेली का ते प्रोसेस आयडीवरून तपासा.

दुसरी सोय म्हणजे ॲप_ऑफलाइन.एचटीएम नावाची फाइल ॲपच्या मुळाशी टाकणे. आयआयएसमधलं कोअर मॉड्यूल ती बघतं, ॲप बंद करतं आणि येणाऱ्यांना तेच पान दाखवतं. फाइल काढली की ॲप पुन्हा उठतं. वेब डिप्लॉय वापरत असाल तर त्यात हा नियम तयार आहे, नुसता चालू करायचा.

आणि हो, -फोर्सवर भिस्त ठेवू नका. तो रीड-ओन्ली आणि हिडन फाइल्सपुरता आहे, लॉकशी त्याचा संबंध नाही.

शून्यमस्तक | बुधवार, सकाळी ९:३१

बाडीस. शॅडो कॉपी नव्यातही आहे ना? कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

सर्व्हरबाई | बुधवार, सकाळी ९:४०

आहे. डॉटनेट ६ मध्ये प्रायोगिक म्हणून आली, ७ पासून नेहमीची झाली. वेब.कॉन्फिगमध्ये एनेबलशॅडोकॉपी चालू करायचं आणि प्रतींसाठी फोल्डर द्यायचा. पण यांच्या लॉगच्या फाइल, ती सर्व्हिस आणि शेअर केलेला फोल्डर यांना त्याचा काही उपयोग नाही.

ऐरोलीकर | बुधवार, दुपारी १:१५

कोणी धरून ठेवलंय हे न बघता इलाज कशाला? स्क्रिप्ट पडली की लगेच, रिस्टार्टच्या आधी, सिसइंटर्नल्सचं हँडल (कुठल्या प्रोसेसने कुठली फाइल धरलीय ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) चालवा आणि त्याला फोल्डरचा पाथ द्या. कुठली प्रोसेस, तिचा आयडी, कुठली फाइल, सगळं छापून देतं. स्क्रिप्टच्या कॅच ब्लॉकमध्येच ही ओळ टाका म्हणजे जेनकिन्सच्या लॉगमध्ये पुरावा राहील. बाहेरचं टूल चालत नसेल (तुमच्याकडे सिक्युरिटीवाले असतीलच) तर विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये सीपीयू टॅबवर हँडल शोधायची खिडकी आहे, तीही चालते. पण ती हाताने बघावी लागते.

शेअर केलेल्या फोल्डरबद्दल एक खुबी. नेटवर्कवरून कोणी एक्सेल उघडून बसलं असेल तर तुमच्या सर्व्हरवर ती फाइल "सिस्टिम" या प्रोसेसच्या नावावर दिसते, आयडी ४. लोकांना वाटतं विंडोजनेच धरलीय, मग रिस्टार्ट करतात. तिथे गेट-एसएमबीओपनफाइल चालवा, कुठल्या मशीनवरून कोण बसलंय ते नावानिशी कळेल.

घाटकोपर_स्लो | गुरुवार, रात्री १२:२०

सर्व्हरबाई, ऐरोलीकर, दोघांचे आभार. काल रात्री पूलसाठी थांबायचा लूप टाकला, तरी पडली. पण या वेळी हँडलने नावं दिली:

एक, ती पीडीएफची सर्व्हिस. थांबवल्यावरही तिचं पोरगं, म्हणजे तिने सुरू केलेली दुसरी एक्सई, जिवंत होती.
दोन, सिस्टिम, आयडी ४. एसएमबीवाल्या कमांडने ऑपरेशन्समधल्या एकाचं मशीन दाखवलं. गडी एक्सेल उघडं ठेवून घरी गेलेला.
तीन, सीएमडी.एक्सई. हे कळेना. कोणतीही फाइल नाही, नुसता लॉग्जचा फोल्डर धरलेला.

पार्ल्याचा_प्रॉम्प्ट | गुरुवार, सकाळी ८:१०

तीन नंबर सोपा आहे. कोणीतरी रिमोट डेस्कटॉपने आला, काळी खिडकी उघडून सीडी करत लॉग्जमध्ये गेला, लॉग वाचला आणि लॉगऑफ न करता वरचा क्रॉस दाबून निघून गेला. सेशन तुटतं, मरत नाही. ज्या फोल्डरात प्रॉम्प्ट उभा असतो तो फोल्डर विंडोज डिलीट करू देत नाही. माणूस डोंबिवलीला उतरून गेला तरी सीटवर रुमाल पडलेला, तशातली गत.

क्यूयूझर चालवा, "डिस्कनेक्टेड" सेशन दिसतील. ग्रुप पॉलिसीत अशा सेशनना मुदत घालता येते. अमुक तासांनी आपोआप लॉगऑफ.

घाटकोपर_स्लो | गुरुवार, सकाळी ९:२२

अगदी तेच निघालं. टेस्टिंगवाल्याचं सेशन, सोमवारपासूनचं.

कोडखाऊ | गुरुवार, सकाळी ११:०२

एवढा खटाटोप कशाला? हँडलला -सी दिलं की ते हँडल जबरदस्तीने बंद होतं. लूप लावा, जेवढी सापडतील तेवढी बंद करा, मग डिलीट. आमच्याकडे असंच चालतं.

टर्मिनल_काका | गुरुवार, दुपारी १२:४५

कोडखाऊ, हे कृपा करून कोणाला शिकवू नका. ज्या सर्व्हरवर लोकांच्या पैशाचा हिशोब आहे तिथे तर मुळीच नको.

हँडल म्हणजे त्या प्रोसेसच्या वहीतला एक आकडा. तुम्ही बाहेरून तो बंद केलात, पण प्रोसेसला त्याचा पत्ता नाही. पुढच्या क्षणी तिने दुसरी फाइल उघडली तर विंडोज तोच आकडा पुन्हा देऊ शकतं. आता जो धागा जुना लॉग लिहितोय असं समजतोय तो या नव्या फाइलमध्ये लिहितो. एखादी कॉन्ट्रॅक्ट नोट, एखादी डेटाबेसची फाइल, काहीही. एरर येत नाही, डेटा नासतो. हँडलच्या स्वतःच्या मदतीतही हा इशारा दिलेला आहे.

त्यापेक्षा अख्खी प्रोसेस मारलेली परवडते. टास्ककिलला /टी दिलं की पोरांसकट जाते. यांच्या पीडीएफवाल्या सर्व्हिसला तेच लागेल. निदान ती मेली हे सगळ्यांना कळतं. पण मारायच्या आधी ती अर्धी पीडीएफ लिहीत नाही ना, हे बघायला हवं. कॉन्ट्रॅक्ट नोट सौद्यापासून २४ तासांत ग्राहकाला जावी लागते, सेबीचा नियम आहे. तुटकी पीडीएफ गेली तर डिप्लॉयमेंट राहील बाजूला.

एररचे आकडेही वेगळे वाचा. ३२ म्हणजे शेअरिंग व्हायोलेशन, कोणीतरी फाइल उघडलीय आणि उघडताना "इतरांना डिलीट करू द्या" अशी मुभा दिलेली नाही. ५ म्हणजे ॲक्सेस डिनाइड, तिथे परवानगीचा प्रश्न असू शकतो, पण चालू असलेली एक्सई डिलीट करायला गेलात तरी ५ च येतो. लोक तो बघून परवानग्या वाटत सुटतात. आणि १४५, म्हणजे "फोल्डर रिकामा नाही", हा सगळ्यांत लबाड. फोल्डर उघडून बघावं तर आत काही नाही. असं होतं कारण फाइलवर डिलीटची खूण झालेली असते, पण अँटीव्हायरस किंवा सर्च इंडेक्सरने ती क्षणभर धरलेली असते. त्याने सोडेपर्यंत नाव फोल्डरात अडकून राहतं. यासाठी मात्र दोन-चार सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करणं हाच योग्य उपाय आहे. एक्सेल उघडं ठेवून गेलेल्या माणसासाठी तो निरुपयोगी आहे, तो सकाळीच येणार.

मी_लिनक्सवाला | गुरुवार, दुपारी २:०३

लिनक्सवर या. आरएम -आरएफ, विषय संपला. फाइल कोणी उघडलेली असो नसो.

टर्मिनल_काका | गुरुवार, दुपारी २:३०

विषय संपत नाही, पुढे ढकलला जातो. लिनक्सवर आरएम फाइलचं नाव काढतो. आतला डेटा शेवटची प्रोसेस सोडेपर्यंत डिस्कवरच राहतो. चाळीस जीबीचा लॉग उडवलात, डीयू (फाइल्सची जागा मोजणारी कमांड) म्हणतो जागा रिकामी, डीएफ (डिस्कची जागा सांगणारी) म्हणतो डिस्क भरलेली, आणि पहाटे तीनला फोन. मग एलएसओएफ +एल१ करून शोधा कोण धरून बसलंय. डीएलएलच्या जागी एसओ फाइल असेल तर जुनी प्रोसेस जुन्याच कोडवर चालत राहते आणि डिप्लॉय "यशस्वी" दाखवतं.

एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरवर) तर उघडी फाइल उडवली की तिच्या जागी .एनएफएस अशा नावाची लपलेली फाइल उगवते आणि आरएम -आरएफ फोल्डरपाशी अडतोच. शिवाय कोणी चॅटर +आय (फाइल बदलू-उडवू न देणारी खूण) करून ठेवलं असेल तर रूटलासुद्धा "परवानगी नाही". तेव्हा एलएसॲटर बघावं. एकूण काय, विंडोज तोंडावर नाही म्हणतं आणि लिनक्स हो म्हणून नंतर छळतं. मला पहिलं बरं वाटतं, मते वेगळी असू शकतात.

मी_लिनक्सवाला | गुरुवार, दुपारी २:४१

चाळीस जीबीच्या लॉगचा उल्लेख वैयक्तिक घेत आहे. 😅

शून्यमस्तक | गुरुवार, दुपारी ४:१८

लिनक्सवाल्यांसाठी आणि सगळ्यांसाठीच एक गोष्ट. डिलीटच्या ओळीत व्हेरिएबल असेल तर ते रिकामं असण्याची शक्यता धरून चाला. २०१५ च्या जानेवारीत स्टीमच्या लिनक्स स्क्रिप्टचा प्रकार गाजला होता. फोल्डरचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये यायचं ते रिकामं राहिलं आणि ओळ झाली "स्लॅशखालचं सगळं उडव". आरएमचं मुळाला वाचवणारं संरक्षण नुसत्या स्लॅशला आहे, स्लॅश-तारका दिलं की ते लागू होत नाही. बॅशमध्ये सेट -यू ठेवा, पण ते न नेमलेलं व्हेरिएबलच पकडतं, रिकामं नाही, म्हणून रिकामं आहे का हेही वेगळं तपासा. पॉवरशेलमध्येही पाथ रिकामा असताना मागे बॅकस्लॅश-तारका जोडलेली असेल तर चालू ड्राइव्हच्या मुळापासून सुरुवात होते. सेट-स्ट्रिक्टमोड आणि पाथ अमुक फोल्डरखालीच आहे ना याची एक तपासणी, एवढं तरी हवंच.

ऐरोलीकर | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

सगळे लॉक कसा तोडायचा ते सांगताहेत. माझा प्रश्न आहे, डिप्लॉय करताना डिलीट करायचंच कशाला?

घाटकोपर_स्लो यांच्या स्क्रिप्टचा क्रम बघा: आधी जुनं उडव, मग नवं आण. मधल्या काळात सर्व्हरवर काहीच धड नाही. लॉक नसला, नेटवर्क गेलं, डिस्क भरली, तरी हाच गोंधळ. आम्ही प्रत्येक बिल्ड नव्या फोल्डरात उतरवतो, फोल्डरचं नाव बिल्ड नंबर. कॉपी पूर्ण झाली, फाइल्स मोजून-तपासून झाल्या की आयआयएसला साइटचा फिजिकल पाथ बदलून द्यायचा आणि पूल रिसायकल करायचा. नव्या फोल्डरला कोणीच धरलेलं नसतं, त्यामुळे लॉकचा प्रश्न उद्भवत नाही. बिनसलं तर जुना फोल्डर शेजारीच आहे, पाथ परत फिरवा. कॅपिस्ट्रानो हे डिप्लॉयमेंटचं टूल रूबीवाल्यांसाठी हे फार आधीपासून करतंय: रिलीझेस नावाचा फोल्डर, करंट नावाची लिंक, आणि मुळात शेवटच्या ५ रिलीझ ठेवायच्या.

जुने फोल्डर उडवायचं काम वेगळ्या जॉबला द्या, दुसऱ्या दिवशी केव्हातरी. एखादा लॉक असेल तर सोडून द्या, पुढच्या फेरीत जाईल.

टर्मिनल_काका | गुरुवार, संध्याकाळी ७:१५

+१. अर्धवट डिप्लॉयमेंट किती महाग पडते याचा दाखला शेअर बाजारातलाच आहे. अमेरिकेतली नाइट कॅपिटल, १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड गेलाच नाही, तिथे जुना निकामी कोड राहिला होता तो जागा झाला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान आणि कंपनी पुढे दुसऱ्यांच्या हाती गेली. तिथे लॉकचा संबंध नव्हता, पण "काही नवं, काही जुनं" ही अवस्था तीच.

कोडखाऊ | गुरुवार, रात्री ८:०९

काका, हँडलबद्दल पटलं. पण यांच्यासारख्या जुन्या ॲपमध्ये पाथ दहा ठिकाणी कोरलेला असतो. नवा फोल्डर म्हटलं की ती सर्व्हिस, शेड्यूल्ड टास्क, कोणाच्या तरी एक्सेलचा मॅक्रो, सगळं तुटणार.

घाटकोपर_स्लो | गुरुवार, रात्री ८:३०

तंतोतंत. मॅक्रोसुद्धा आहे, कसं ओळखलंत? फोल्डरचं नाव बदलून (जुना → जुना_१) त्याच नावाने नवा ठेवला तर?

सर्व्हरबाई | गुरुवार, रात्री ९:०२

फोल्डरच्या आतली एखादीही फाइल उघडी असेल तर विंडोज फोल्डरचं नाव बदलू देत नाही, त्यामुळे तिथेच अडाल. गंमत म्हणजे चालू असलेल्या एक्सई किंवा डीएलएलचं नाव मात्र त्याच ड्राइव्हवर बदलता येतं, डिलीट करता येत नाही. बरेच अपडेटर ही युक्ती वापरतात: जुनी .ओल्ड करायची, नवी तिच्या नावाने ठेवायची, जुनी रिस्टार्टनंतर उडवायची. एक-दोन फाइलपुरतं ठीक आहे, अख्ख्या ॲपसाठी नको.

तुम्हाला जंक्शन लागेल. एमकेलिंक /जे. जुना पाथ हा खरा फोल्डर न राहता बिल्डच्या फोल्डरकडे बोट दाखवणारं जंक्शन होईल. सर्व्हिस, टास्क, मॅक्रो सगळे जुनाच पाथ वापरतील. बदलताना पूल आणि सर्व्हिस थांबवून जंक्शन काढा, नवं बनवा, पुन्हा सुरू करा. काढताना नुसतं आरडी द्या, /एस लावायची सवय असेल तर ती इथे सोडा. आणि लॉग व रिपोर्ट्स त्या झाडातून बाहेर काढा, दुसऱ्या फोल्डरात. लोकांचं एक्सेल आणि तुमचा कोड एका छताखाली असणं हेच मुळात चूक आहे.

पार्ल्याचा_प्रॉम्प्ट | गुरुवार, रात्री ९:२०

कॉपीसाठी रोबोकॉपी (विंडोजचीच कॉपीची कमांड) वापरणार असाल तर दोन गोष्टी. न सांगितल्यास तो लॉक असलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. जेनकिन्सचा जॉब रात्रभर फिरत राहतो आणि सगळ्यांना वाटतं कॉपी मोठी आहे. /आर:३ /डब्ल्यू:५ असं काहीतरी द्या. दुसरं, त्याचा एक्झिट कोड १ म्हणजे "फाइल्स कॉपी झाल्या". ८ च्या खाली सगळं ठीक, ८ पासून वर बिघाड. जेनकिन्सला ० सोडून सगळंच लाल दिसतं.

अवांतर: नोड_मॉड्यूल्ससारखे लांबलचक पाथ जुनी टूल्स २६० अक्षरांपुढे डिलीट करत नाहीत. रिकामा फोल्डर बनवून रोबोकॉपी /एमआयआरने तो त्यावर उतरवला की साफ होतं. हा लॉक नसतो, पण लोक लॉकच समजतात.

घाटकोपर_स्लो | सोमवार, रात्री १०:५८

मंडळी, आजचा डिप्लॉय नव्या पद्धतीने केला. जंक्शन, बिल्डचे वेगळे फोल्डर, पूल आणि सर्व्हिस दोन्हींची प्रोसेस गेल्याची खात्री करून मगच बदल. लॉग बाहेर काढले. रिपोर्ट्सचा शेअर अजून आतच आहे, तो हलवायला ऑपरेशन्सच्या साहेबांची सही लागते आणि साहेब गणपतीला कोकणात. म्हणून तात्पुरतं असं केलंय की बदलाच्या आधी स्क्रिप्ट उघड्या फाइल्सची यादी काढते आणि कोणी असेल तर पुढे न जाता नाव छापून थांबते. काहीही डिलीट झालेलं नसतं, त्यामुळे ॲप जुन्यावर निवांत चालू राहतं.

शंका एकच. साफसफाईच्या जॉबला जुना फोल्डर लॉक सापडला तर तो लाल दाखवायचा का? मॅनेजरला लाल दिसलं की फोन येतो.

ऐरोलीकर | सोमवार, रात्री ११:१०

पहिल्यांदा पिवळा, म्हणजे अनस्टेबल. तोच फोल्डर सलग तिसऱ्या फेरीतही अडला तर लाल, आणि लॉगमध्ये हँडलने दिलेलं नाव. तोवर डिस्कला किती जागा लागेल तेवढी आधीच धरून ठेवा.

घाटकोपर_स्लो | सोमवार, रात्री ११:१४

चालेल. निघतो, ११:३२ ची मिळेल.